हरायचा मोसम

टोलेडो, ओहायो
२० एप्रिल १९८१

ती. पपांना,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. पेपरात बास्केटबॉलच्या पानावर वाचलं असेलच, आमचे ग्लेझियर्स पुन्हा पहिल्याच बाद फेरीत गारद झाले. मी प्रशिक्षक झाल्यापासून दरवर्षी हेच चाललंय. निम्मे सामने जिंकायचे, निम्मे हरायचे, एप्रिलमध्ये कुठल्यातरी मोठ्या संघाच्या दारात जाऊन मार खायचा आणि सामान बांधायचं. वेंडेल प्रुइट शेवटचा सामना सुजलेल्या गुडघ्यावर खेळला. कर्णधार म्हणून शोभला, पण त्याचं वय आता लपत नाही.

काल मालकांनी बोलावलं होतं. मि. रॉथवेल गाद्यांचे कारखानदार, माणूस वाईट नाही. म्हणाले, लेस्टर, हे धड ना वर धड ना खाली मला पुरे झालं. वर जमत नसेल तर सरळ तळाला जाऊ. तुम्हाला माहीतच आहे, पूर्वेचा शेवटचा संघ आणि पश्चिमेचा शेवटचा संघ यांच्यात नाणं उडवतात, आणि जिंकेल त्याला कॉलेजातून येणाऱ्या पोरांपैकी पहिला खेळाडू निवडता येतो. पुढच्या वर्षी आयोवाचा तो सात फुटी पोरगा बाहेर पडतोय. मालकांचं म्हणणं, प्रुइटला विकू, जुने सगळे काढू, कच्ची पोरं खेळवू आणि एक वर्ष मनसोक्त हरू. मी हो म्हटलं तर माझी तीन वर्षं पक्की. नाही म्हटलं तर पुढच्या मोसमात दुसरी फेरी गाठून दाखवायची, नाहीतर घरी.

मला काही सुचत नाही. फोन केला असता, पण मी काहीही विचारलं तरी तुम्ही मला नदीचं पाणी किती चढलं ते सांगता. म्हणून लिहून विचारतो. काय करू?

आर्लीन आणि मुली मजेत आहेत. माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा
लेस्टर

*

पोमरॉय, ओहायो
२७ एप्रिल १९८१

चि. लेस्टर यास,
अ. उ. आ.

नदीचं पाणी उतरलं. (तू विचारलं नव्हतंस, तरी सांगतो.) मागच्या अंगणात लायलॅकला कळ्या धरल्या आहेत. तुझी आई असती तर एव्हाना एक डहाळी माझ्या पुस्तकात येऊन पडली असती. सकाळी खुर्ची तिथेच टाकतो आणि तुझ्या सामन्यांचे गुणतक्ते वाचतो. रेडिओ मार्गिटला देऊन टाकला. कानाशी धरून नुसती खरखर ऐकण्यापेक्षा तक्ता बरा. आकड्यांनाही चाल असते, ती वाचताना लागते.

आता तुझा प्रश्न. उभा जन्म मी नववीच्या वर्गाला कविता शिकवल्या. वर्गात हुशार असा एखादाच. अगदी गेलेले दोन-चार. बाकी सगळी मधली पोरं, खाणकामगारांची, खलाशांची. मी कोणासाठी शिकवत होतो? त्यांच्यासाठीच ना? चौदा ओळींच्या कवितेतली सातवी ओळ कोणी मुद्दाम पाठ म्हणून दाखवत नाही. पण ती गाळून बघ, शेवटची ओळ धपकन खाली बसते.

तुझे मालक म्हणतात त्याचा अर्थ असा, की सगळा वर्ग मुद्दाम नापास करायचा, कारण पुढच्या वर्षी एक हुशार मुलगा येणार आहे. आला तर आनंद आहे, लेस्टर. पण त्याला बसवशील कोणाशेजारी?

खेळ. जिंकायला खेळ. नाहीच जमलं तर इथे माझ्या शेजारी खुर्ची टाकायला जागा आहे.

मुलींना पापे. अधूनमधून चार ओळी येत राहाव्यात, एवढंच मागणं.

तुझा
पपा

*

कोलंबस
२ मे १९८१

प्रिय लेस,
स. न. वि. वि.

पपांनी तुला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे, कारण कार्बन लावून एक प्रत मलाही आली. शाई फिकी होती, तरी रडवलंच म्हाताऱ्याने. तू ते पत्र जपून ठेव, चौकटीत लाव, पण त्याच्यावर विसंबून नोकरी घालवू नकोस.

बहीण म्हणून स्पष्ट बोलते, लहानपणापासून बोलत आलेय. पपांच्या वर्गातल्या मधल्या पोरांना रोज भरल्या सभागृहासमोर कोणी मधलं म्हणत नव्हतं. तू दुसरी फेरी गाठणार नाहीस. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि प्रुइटच्या गुडघ्यालाही ठाऊक आहे. मालक आपण होऊन तीन वर्षं देतायत. एक वर्ष हरायचा पगार मिळत असेल तर हर बाबा! आमच्या दवाखान्यात लोक फुकट हरतात.

खसखशीची गुंडाळी पाठवतेय. मुलींना दे, तू एकटा संपवू नकोस. रागावलास तरी चालेल, पण लिहीत जा.

तुझी
मार्गिट

*

टोलेडो
११ ऑक्टोबर १९८१

ती. पपांना,
स. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. मी मालकांना हो म्हणालो.

प्रुइटला पश्चिमेच्या एका संघाने घेतलं. बातमी त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी स्वतः घरी गेलो. गॅरेजमध्ये मुलाच्या सायकलला हवा भरत होता. त्याने पंप खाली ठेवला नाही. म्हणाला, कोच, मला काढताय तर काढा, पण हरायचंय म्हणून काढताय हे पोरांना सांगू नका, खरंच हरायला शिकतील ती. मग म्हणाला, चाक जरा धरा. मी चाक धरलं. हवा भरून झाली आणि मी परत आलो.

पोरं चांगली आहेत. कोणाला काहीच येत नाही. परवा सरावात एकाने आपल्याच टोपलीत चेंडू टाकला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो, आणि हसल्यावर लक्षात आलं की मालकांना हेच हवंय.

रागावला असाल. तरी पत्र बंद करू नका.

तुमचा
लेस्टर

*

पोमरॉय
१८ जानेवारी १९८२

चि. लेस्टर यास,
अ. उ. आ.

रागावलो नाही. नववीत असताना तरी कुठे ऐकायचास? कविता पाठ करून ये म्हटलं की चेंडू घेऊन पळायचास. आज त्याच चेंडूवर तुझं घर चालतं, म्हणजे तेव्हाही माझंच चुकत होतं.

थंडी कडाक्याची आहे. नदीच्या काठाला बर्फाची किनार धरली आहे. सकाळी ऊन पडलं की ती अशी काही चमकते की मी चहा गार करून बसतो. तुझे तक्ते मात्र वाचवत नाहीत. रकानेच्या रकाने हार. पण परवा एक नवं नाव दिसलं, ओटिस क्लेबर. नऊ गुण, आणि दुसऱ्याला दिलेले पास त्याहून जास्त. कोण रे हा? बाकीच्या तक्त्यात प्रत्येक जण एकटाच धावत असतो. हा कोणाकडे तरी बघून खेळतो.

मोसमाचा शेवटचा सामना तुमच्याच सभागृहात आहे असं मार्गिट म्हणते. ती मला घेऊन येणार आहे. तुला उभं राहून शिकवताना पाहून बरीच वर्षं झाली. हरलात तरी चालेल, मी नापास पोरांच्या स्नेहसंमेलनालाही जात असे.

तब्येत सांभाळ. पत्राची वाट अंगणातल्या खुर्चीला आहे.

तुझा
पपा

*

टोलेडो
२९ मार्च १९८२

ती. पपांना,
स. न. वि. वि.

ओटिस क्लेबर लायमा गावातल्या एका शाळेत पोरांना कवायत शिकवतो. आमचे दोन गडी जायबंदी झाले म्हणून थोड्या दिवसांसाठी आणला होता, राहिला. हेडमास्तरांकडून रजा काढून आलाय. मोसम संपला की परत शिटी गळ्यात. मधल्या सुट्टीतल्या पोरासारखा खेळतो. आम्ही मुद्दाम हरतोय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. ते माझं काम आहे आणि माझी जीभ उचलत नाही.

पपा, १८ तारखेला येऊ नका. पूर्वेच्या तळाला आम्ही आणि आणखी एक संघ अगदी बरोबरीत आहोत. त्यांचे सामने आधी संपतात. शेवटचा सामना आम्ही हरलो की नाण्याची एक बाजू आमची. जिंकलो तर ते खाली, आम्ही वर, आणि वर्षभर खाल्लेला मार वाया. सगळ्या शहराला हे तोंडपाठ आहे. लोक तिकिटं काढून आम्ही हरताना बघायला येणार आहेत. बघण्यासारखं काही नाही.

मे महिन्यात मीच येतो तिकडे.

तुमचा
लेस्टर

*

पोमरॉय
२१ एप्रिल १९८२

चि. लेस्टर यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

बघण्यासारखं नाही म्हणे! अरे, मी जन्मात असा सामना पाहिला नाही. तुझं मार्चचं पत्र मी वाचलं होतं. नाणं, तळ, सगळं समजलं होतं. मनात म्हटलं, माझा मुलगा हरायला उभा राहील आणि बापाने घरी बसायचं? म्हणून आलो. आणि काय पाहिलं!

शेवटी बरोबरी. क्लेबरकडे चेंडू. तू जागचा उठलास, त्याला शाबासकी द्यायला. मी तिसऱ्या रांगेतून हात हलवला, तू मला पाहिलंस आणि लाजून खाली बसलास. लहानपणी वर्गात कविता म्हणून झाली की असाच बसायचास. आणि त्याने चेंडू टाकला, आणि तो आत गेला.

मग सगळं सभागृह उठलं, लेस्टर. एकूण एक माणूस. तोंडं उघडी, मुठी वर. टोप्या काय फेकल्या, कागदी पेले काय फेकले! माझ्या शेजारच्या गृहस्थाने तर डोकं दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांत पाणी. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की शब्द नाहीत. ऐकू आलं असतं तर कदाचित मला सोसलं नसतं.

तेव्हा लोकांना नाणं नको होतं. तू मालकाचं ऐकलंस, पण लोकांना काय हवं होतं ते शेवटी तुला कळलं. मी आता खुशाल डोळे मिटीन.

असाच मोठा हो. तुझ्या म्हाताऱ्याला मनातून उतरवू नकोस.

तुझा
पपा

*

कोलंबस
२२ एप्रिल १९८२

प्रिय लेस,
स. न. वि. वि.

पपांचं पत्र पोचलं असेल. त्यांना काहीही सांगू नकोस. माझी शपथ आहे.

ते हुर्यो उडवत होते, लेस. सगळे. माझ्या मागची बाई तुला जे म्हणत होती ते मी कागदावर लिहिणार नाही, दोन मुलींची आई होती ती. आणि पपा मध्ये उभे, टाळ्या वाजवत, ओल्या डोळ्यांनी. तो शेजारचा माणूस त्यांच्यावर हात उगारणार होता, मी मध्ये घुसले. परत येताना पोमरॉयपर्यंत अखंड बोलत होते. मी हं, हं करत गाडी चालवली.

पण मला सांग, क्लेबरला बसवलं का नाहीस? तू उठला होतास, मी पाहिलं. गेल्या वर्षी मीच तुला हर म्हणाले होते. तेवढंही नीट जमू नये?

रागाने लिहिलं, मायेने वाच.

मार्गिट

*

टोलेडो
२५ एप्रिल १९८२

प्रिय मार्गिट,
स. न. वि. वि.

बसवायलाच उठलो होतो. माझा मदतनीस कानाशी लागला होता, क्लेबरला काढ, आत्ता काढ. तेवढ्यात पपा दिसले. त्यांचा तो हलणारा हात आणि तो चेहरा. मी काय करायला उठलो होतो ते त्यांच्यासमोर करता येईना. बसलो. मी बसलो आणि त्याने टाकला.

आम्ही तळापासून एक पायरी वर राहिलो. नाणं दुसऱ्यांचं. आयोवाचा पोरगा कुठे जाईल तिकडे जावो. क्लेबर आत आला तो ओला होता, बाहेर कोणीतरी अंगावर बियर ओतली होती. मला विचारत होता, कोच, माझं काय चुकलं? काही नाही म्हणालो. तो लायमाला परत गेला. पश्चिमेला प्रुइटचा गुडघा फेब्रुवारीतच गेला, तुला सांगायचं राहिलं होतं.

पपांना सांगणार नाही. सांगू तरी काय? गेल्या वर्षी त्यांचं ऐकलं असतं तरी मी आज इथेच असतो. वाटेत चार सामने जास्त जिंकले असते, एवढंच.

मालकांनी गुरुवारी बोलावलंय.

तुझा
लेस

*

टोलेडो
३ मे १९८२

ती. पपांना,
स. न. वि. वि.

मालकांनी मला मोकळं केलं. संघ पुन्हा पहिल्यापासून बांधायचा आहे म्हणतात, दुसऱ्या कोणाच्या हातून. कारण विचारू नका, या धंद्यात असंच असतं. आर्लीनच्या भावाकडे, अॅक्रनला, काहीतरी काम होईल. मे महिन्यातलं येणं लांबेल.

तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. सगळे उभे राहिले होते.

तुमचा
लेस्टर

*

पोमरॉय
८ मे १९८२

मा. श्री. रॉथवेल यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी लेस्टर बोदनारचा बाप, निवृत्त शिक्षक. मुलाला न विचारता हे पत्र लिहीत आहे.

आपण त्यास काढलेत असे कळले. कारण त्याने लिहिले नाही, म्हणजे आपण दिले नसावे. माझा समज असा की १८ एप्रिलचा सामना आपण समक्ष पाहिला नाही, आणि कोणीतरी आपणांस चुकीचे सांगितले. मी तिथे होतो. माझे कान गेले आहेत, पण डोळे शाबूत आहेत. जे पाहिले ते कोणासमोरही सांगावयास तयार आहे. चेंडू आत गेला आणि आपले सबंध सभागृह माझ्या मुलासाठी उठून उभे राहिले. मी मागे वळून पार वरच्या रांगांपर्यंत पाहिले. एकही माणूस बसलेला नव्हता. ज्या शहराला एखादा माणूस इतका हवा आहे, त्याला आपण घालवू नये. पुन्हा असा मिळायचा नाही.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, त्यांस अश्रू आवरत नव्हते. त्यांचे नाव विचारावयाचे राहून गेले, पण आपल्या तिकीटघरास तिसऱ्या रांगेतील माणूस सापडेल. कृपया त्यांना विचारावे.

उत्तर लेखी पाठवावे. फोनवर मला ऐकू येत नाही.

आपला
एमरिक बोदनार