वाळू वाचायची स्पर्धा

चिरंजीव सवाराम यास थोरली बहीण हंजा हिचा आशीर्वाद, इथं जितकी वाळू आहे तितका. आम्ही सगळे, म्हणजे मी, दोन मुलगे, दोन सुना, नातसून धापू, नऊ सांडण्या आणि एक आंधळा उंट, सुखरूप आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? भावजय गवरीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, आणि झालं असेल तर तुला इतक्या वर्षांनी स्पष्ट पाहून ती काय म्हणाली, तेही कळव. तहसील कचेरीतून शिपाई म्हणून रिटायर झालास तरी रोज दहाच्या ठोक्याला तिथल्या बाकावर जाऊन बसतोस असं कानावर आलं. लोक हसतात, हसू देत. तू बसत राहा.

पत्र शिवदान मास्तर लिहितोय. त्याला साखरेचा आजार, आणि रोज सकाळी तो आपल्या सांडणीचं पेलाभर दूध प्यायला येतो. दूध आपण विकत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून बिचारा लाजून माझी पत्रं लिहितो. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला ते मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं, फरक इतकाच की मुंग्यांची रांग कुठंतरी पोचते. (मास्तर, हेही लिही. मान हलवू नकोस, हात हलव.)

तर बातमी अशी की आपल्या गावात उत्सव झाला. तीन दिवसांचा. वाळवंटाची संस्कृती आणि वाळवंटाचा निसर्ग यांचा गौरव करायला. अठ्ठ्याहत्तर वर्षं इथं काढून मला या दोन वस्तू गावात असल्याचा पत्ता नव्हता. मला वाटायचं, इथं वारा आहे आणि नातेवाईक आहेत. समितीचे अध्यक्ष घेवरचंदजी, शहरातल्या त्या मोठ्या हॉटेलाचे मालक. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर साफा (हॉटेलातल्या पोऱ्यानं बांधलेला, दर तासाला सैल होणारा), आणि पायात असे बूट की जणू आत्ता डोंगर चढायचाय. आपल्याकडं डोंगर नाही हे त्यांना सांगायचं कोणाला सुचलं नाही.

दिवाळीपासून कुजबुज होती की घेवरचंदजींना हा उत्सव तीन दिवसांचा नको, बारमाही हवाय, आणि त्यासाठी आपल्या ओरणात पक्के तंबू ठोकायचेत. (तुझ्या शहरी नातवंडांना वाचून दाखवशील तेव्हा सांग, ओरण म्हणजे देवीच्या नावानं सोडलेलं रान. तिथली वाळकी काडीसुद्धा आपण चुलीला आणत नाही, जनावरांनी तेवढं चरायचं.) जेठाच्या उन्हाळ्यात बाहेर पाचोळाही उरत नाही, तेव्हा तिथल्या खेजडीच्या पाल्यावर माझ्या नऊ सांडण्या जगतात. ते रान गेलं तर त्यांना उत्सवाचे फोटो चारावे लागतील. मी घेवरचंदजींना तोंडावर विचारलं. ते मला आईचा मान देत म्हणाले, छे छे मांसा, निसर्ग तर माझा श्वास आहे. बोलताना ते माझ्या फार जवळ उभे होते, म्हणून सांगते, श्वासाला वेलचीचा वास होता.

मग तयारी सुरू झाली. आधी घरोघर शाली आल्या, समितीतर्फे, ज्येष्ठांचा सन्मान म्हणून. माझ्या खांद्यावर शाल पडली, हजेरीच्या कागदावर अंगठा झाला, फोटो निघाला. शाल बरी आहे, आंधळ्या उंटाला पुरते. मग हुकूम आला की गावामागच्या टेकाडावर चार दिवस कोणी पाऊल टाकायचं नाही, माणसानंही नाही आणि शेळीनंही नाही, कारण फोटोत वाळू कोरी पाहिजे. सकाळ-संध्याकाळ दोन माणसं झाडाच्या फांद्या ओढत टेकाड झाडून काढायची. सवा, मला काय झालं असेल विचार कर. लोक सकाळी पेपर वाचतात, मी वाळू वाचते. रात्री कोल्हा कुठून आला, कोणाची म्हैस सुटली, कोणाचा जावई न सांगता परत गेला, हे सगळं मला चहाच्या आधी लागतं. आणि ही माणसं माझा पेपर वाचायच्या आत केरात काढत होती. ओरणाकडं मात्र झाडू गेला नाही. तिथं कोणी फोटो काढणार नव्हतं ना.

पहिल्या दिवशी डोक्यावर घागरी घेऊन पळायची शर्यत. घागरी रिकाम्या. पहिली आली ती शहरातून आलेली एक बाई, पायात खेळाचे बूट. आपल्या सुना टाळ्या वाजवायला उभ्या होत्या, कारण पाण्याचा टँकर फोटोत वाईट दिसतो म्हणून वेशीबाहेर थांबवलेला आणि त्यांच्या खऱ्या घागरी तिकडं रांगेत. दुसऱ्या दिवशी निसर्ग. एका माणसाला माळढोक पक्ष्याचा वेष घालून नाचवला. दुपारच्या उन्हात त्या कापसाच्या पिसांत त्याला घेरी आली आणि माळढोक मंचावरच आडवा झाला. घेवरचंदजी माइकवर म्हणाले, बघा, ही जात कशी नामशेष होत चालली आहे. लोकांना वाटलं, हे कार्यक्रमातच होतं. फार टाळ्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी माग काढायची स्पर्धा. आपल्या बापानं हरवलेले उंट तीन-तीन दिवस माग काढून परत आणले, आणि ती विद्या दोघांना शिकवली. मला आली. तू बारा वर्षांचा असताना एका चोराचा माग धरून अख्खा दिवस चाललास आणि संध्याकाळी कळलं की तू स्वतःच्याच पावलांमागं टेकाडाला वळसे घालत होतास. (मास्तर हसतोय. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.) तर मंचासमोरची वाळू झाडून पाटीसारखी केली. आम्ही चौघं म्हातारे पाठ करून उभे राहिलो, आणि पाच जण चालत गेले, असं आम्हाला सांगितलं. बाकी तिघं अंदाजे बोलले. मी सांगितलं, पहिला ढोलवाला, एका खांद्याला पट्ट्याची सवय. दुसरी जयपूरहून आलेली ही बोलकी निवेदिका, चप्पल उसनी, दोन बोटं मोठी. तिसरा पोलीस, पोट आधी पोचतं. चौथी माझी धाकटी सून, जिला मी घरी दळण सांगून आले होते. पाचवा कोणी नाही, ढोलवालाच पुन्हा चालला. मंडप दणाणला. सून लपली.

निवेदिकेनं कौतुकानं माइक माझ्या तोंडाला लावला आणि विचारलं, "दादीसा, अजून काय वाचलंत इतक्यात?"

आता मला कोणी विचारलंच, तर मी काय करू? मी म्हटलं, मंगळवारी सकाळी ओरणात तिघांचे पाय वाचले. एक जाड बूट, तळाला करवतीचे दाते, डावी टाच बाहेरून झिजलेली, उजवा चवडा बदकासारखा फाकलेला. दुसरे टोकदार शहरी जोडे, मागं मोजणीची साखळी ओढणारे. दर तीस पावलांवर थांबून खुंटी ठोकलेली, मग उपटलेली, आणि भोकावर वाळू लोटलेली. हातानं लोटलेली वाळू वेगळी आणि वाऱ्यानं लोटलेली वेगळी, हे त्यांना कोणी शिकवलं नसावं. देवीचं रान कोणी कडेनं मोजत असेल तर ते कशाला? शिंपी मापं घेतो, त्यानंतर कात्रीच घेतो. तिसऱ्या पायांचं मी काही बोलले नाही. त्यांनी साखळीला हात लावला नव्हता. ते नुसते मागं मागं उभे होते.

घेवरचंदजी पहिल्या रांगेत सोफ्यावर होते. त्यांनी हळूच पाय वर घेतले आणि मांडी घातली. ते पाहून शेजारच्या पाहुण्यांनी घेतले, त्यांचं पाहून पलीकडच्यांनी, आणि बघता बघता अख्खी पहिली रांग पाय वर घेऊन बसली, जणू खालून साप चाललाय. पण सोफ्यापुढच्या वाळूत पाय होते तसेच राहिले. करवतीचे दाते, झिजलेली टाच, बदक. सगळं गाव वाकून बघायला लागलं. घेवरचंदजी बूट तिथंच टाकून मोज्यांवर जीपकडं गेले. मोज्यांचाही माग उमटतो, पण असो.

मला पहिला नंबर मिळाला. बक्षीस पुरुषी बुटांचा जोड, तळाला करवतीचे दाते. (दुकानदारानं समितीला ठोक भावात दिले असावेत.) गावानं गूळ वाटला. सगळे म्हणतात, हंजा डोकरीनं ओरण वाचवलं. मीही दिवसभर तसंच म्हणवून घेतलं, फार गोड लागलं. गवरीला आठवण सांग, तुझ्या गुडघ्याला एरंडेल चोळ.

लिहवणारी, तुझ्याआधी चालायला शिकलेली,
हंजा

ता.क. आंधळ्या उंटाच्या पाठीला खरूज झालीय, शहरातून मलम आण. आण म्हणते आहे, पाठव नाही. तुला यावं लागणार आहे.

ता.क. दुसरा. ओरण वाचलेलं नाही. गूळ वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी घेवरचंदजी साध्या चपला घालून आले आणि खिशातून कागद काढून म्हणाले, मांसा, पाय कोणाचेही असोत, अंगठा तुमचा आहे. शालीची हजेरी म्हणून दिलेला तो कागद ओरण देण्याच्या संमतीचा होता. तिथं जनावरं चारणाऱ्या सातही घरांचे अंगठे लागतात. पहिला माझा, आणि हंजानं दिला म्हणून बाकी सहा घरांनी डोळे मिटून दिले. सगळ्या गावाच्या टाचा वाचणाऱ्या बाईनं आपल्या अंगठ्याखाली काय लिहिलंय ते विचारलं नाही. हस. साठ वर्षं मी तुला त्या टेकाडाच्या वळशावरून हसले, आता तुझी पाळी. हसून झालं की ऐक. तो कागद सोमवारी तुझ्याच कचेरीत यायचा आहे, तुझ्या बाकासमोरून.

ता.क. तिसरा. कागद घेऊन घरोघर कोण फिरलं? ज्याच्यापुढं आम्ही न विचारता अंगठा धरतो, तो. ओरणातले तिसरे पाय टायरच्या चपलेचे होते, उजवा पट्टा तुटून सुतळीनं बांधलेला, गाठ वाळूत उमटते. तसाच माग माझ्या अंगणात रोज सकाळी दुधाच्या पेल्यापर्यंत येतो आणि परत जातो. इथं मास्तरानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, बदलीची धमकी होती, घरी दोन मुली आहेत, तिकडं कुठं राहू. मग म्हणाला, "मांसा, एवढी ओळ माझ्या हातून नका लिहवू."

मी म्हटलं, "कागद तुझ्या हातून आला, ओळही तुझ्याच हातून जाईल. आधी दूध पी, थंड होतंय."

प्यायला. आता लिहितोय. आधीची सगळी गंमत, सवा, त्याचा हात सुरू राहावा म्हणून होती. हे पत्र जपून ने, साहेबांसमोर त्या कागदाशेजारी ठेव, आणि अक्षर ताडून बघा म्हण, कारण संमतीच्या कागदावर सात घरांची नावं याच मुंग्यांनी लिहिलीत. धापूनं सगळं वाचून पाहिलं आहे. मास्तरानं फक्त बदक गाळलं होतं, ते परत घालून घेतलं.

वरील मजकूर हंजाबाईंनी सांगितला तसा मी लिहिला. संमतीचा कागद मी सातपैकी एकाही घरी वाचून दाखवला नाही. शालीची हजेरी आहे असं सांगितलं.
शिवदान, शिक्षक

आणि त्याच्या खाली हा माझा अंगठा. हा वाचून घेऊन दिलाय.