मरळीची राखण

कबनूर, १२ एप्रिल १९९७

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. बाबालाल यास अक्काताईचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळं ठीक हाय असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. ठीक काहीच न्हाय.

मृत्युंजय तुझ्याकडं मलकापूरला पोचला हे कळलं आन् माझा जीव भांड्यात पडला. पवित्रा बाळंतपणात गेली तेव्हापासनं माझ्या ह्या भावानं शाहूपुरीतल्या दुकानाचं कुलूप काढलं न्हाय आन् पोटच्या पोरीचं तोंड बघितलं न्हाय. पोर मी इकडं आणली. आमच्या माजघरामागं ह्यांचे माग चालतात. त्या खटखटीत ही निवांत झोपते, आन् लाईट जाऊन माग थांबले की टाहो फोडते. सगळंच उलटं.

बारसं अजून व्हायचंय. मी आत्या, नाव मीच ठेवणार, पण बाप पाळण्याजवळ उभा असल्याशिवाय मी तिच्या कानात काही सांगणार न्हाय. तोवर आम्ही बाळीच म्हणतो.

शाळेपासनं तुम्ही दोघांनी प्रत्येक सुट्टी नदीवर घालवली. आताही ने त्याला कुठं न्यायचं तिकडं, पण पाण्याजवळ एकटं सोडू नको. फोन करू नको. फोन शेजारच्या किराणा दुकानात हाय, तिथं मला रडता येत न्हाय.

तुझा लोभ मला ठाऊक हाय. सध्या तो सगळा माझ्या भावाला दे.

तुझी आक्का


मलकापूर, २१ एप्रिल १९९७

ती. अक्काताई यांना बाबालाल आन् खतिजाचा सलाम. दाजींना नमस्कार, बाळीला पापा.

आक्का, तो जेवतो. किती, ते विचारू नका. खतिजानं त्याच्यासाठी वेगळी चूल मांडलीया. झुणक्याच्या पातेल्याला मला हात लावू देत न्हाय, जसा काय मी आत मटणाचा तुकडाच टाकणार हाय!

रोज सकाळी शिलाईचं मशीन झाकून त्याला नदीवर नेतो. एक गोष्ट तुमच्यापासनं आम्ही शाळेपासनं लपवली. तुमचा भाऊ मासे धरतो. खात न्हाय, अल्लाशपथ. गळाला जितं गांडूळ टोचायचं म्हटलं की हा ते परत मातीत सोडायचा, म्हणून मी कोंबड्याचं पीस रेशमी दोऱ्यानं गळाला गुंडाळून माशी करून दिली. ती पाण्यावर नाचवली की मासा फसतो. हा त्याला हातात घेऊन बघतो आन् सोडून देतो. जखम होऊ नये म्हणून गळाचं उलटं टोकही मला घासायला लावलंय. अगदी बिनकामाचा धंदा, पण तेवढा वेळ त्याची नजर पिसावर असते.

रविवारी खतिजा, पोरं, माझा मेहुणा शाहबाज, सगळी आंबा घाटातल्या जंगलात करवंदांना गेलतो. ह्यानं रुमालभर तोडली, गाठ मारली, आन् मग कुणाला द्यायची म्हणून रुमालाकडं बघत बसला. मी तोंड फिरवलं.

आशीर्वाद असू द्यात, सध्या लागतात.

आपला बाबालाल


कबनूर, ४ मे १९९७

चि. बाबालाल यास अनेक आशीर्वाद.

मासे धरतो म्हणं! आमचे आप्पा असते तर दोघांना उभं सोललं असतं. मला आता त्याचंही काही वाटत न्हाय. बेडूक धर म्हणावं, पण जगून दाखव.

ऐक. ह्यांचा चुलतभाऊ आन् भावजय गोकाकहून येऊन गेली. लग्नाला किती वर्षं झाली, मूल न्हाय. बाईनं बाळीला उचललं ते परत निघेपर्यंत खाली ठेवलं न्हाय. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. चांगली हाईत. आता हे म्हणतात, मृगाच्या आत बाप आला न्हाय तर पोर त्यांच्या ओटीत घालू. तुझा भाऊ नुसता जिता हाय म्हणून बाप हुतो काय, असं मला विचारलं. 

मी त्याला टाकलेली पत्रं तो फोडतो तरी काय? तूच सांग त्याला. ओरडून सांग, दोन ठेवून दे, मी काही म्हणणार न्हाय.

आक्का


मलकापूर, १२ मे १९९७

ती. अक्काताईंना सलाम.

सांगितलं, आक्का. नदीच्या डोहावर जांभळीखाली बसवून सगळं सांगितलं. तो पिसाचा दोरा सोडवत राहिला आन् म्हणाला, देऊन टाका.

मी आईबहिणीवरनं शिव्या दिल्या. तवा म्हणाला, तिला हातात घेतली आन् ही नसती तर पवित्रा असती असं मनात आलं, तर त्या पोरीनं कुठं जावं? त्यापेक्षा गोकाकला सुखात राहील. 

तुमची पत्रं फोडलेली न्हाईत. उशाखाली सगळी जपून ठेवलीत. माझं काही चालेना. मला माफ करा.

तुमचा बाबालाल


कबनूर, १६ मे १९९७

बाबालाल,

देऊन टाका? भांडं हाय व्हय ते, देऊन टाकायला?

गोकाकची माणसं एक जूनला, रविवारी येणार. झबली शिवून तयार हाईत म्हणं. काल बाळीनं पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली आन् मी तिच्या अंगावर पदर ओढला. आता लळा लावून घेऊ नको, असं माझं मलाच सांगितलं. काय वेळ आली बघ माझ्यावर. मला आता काही सुचत न्हाय. तुझ्या पीरबाबाला सांग, आमच्या देवाला मी सांगून दमले.

आक्का


मलकापूर, २४ मे १९९७

ती. अक्काताईंना सलाम. आधी हे वाचा: मृत्युंजय जिता हाय, माझ्यासमोर बसलाय. आता पुढचं वाचा.

परवा सकाळी त्याच्या पिसाला डोहात मोठी मरळ लागली. सोडायला निघाला, तवा शाहबाज आडवा आला. त्याची आन् खतिजाची धाकटी बहीण तहरीम ओली बाळंतीण, तिला मरळीचं कालवण द्यायचं हुतं. हा म्हणाला, ने. मरळ पाण्याबाहेरही लई वेळ तग धरते, म्हणून ओल्या पोत्यात घालून घरी आणली.

खतिजानं विचारलं, कुठं घावली? मी म्हटलं, जांभळीखाली, तिथं पाण्यावर चटणी सांडल्यागत तांबडं दिसत हुतं. आक्का, ती जी भडकली! ती तांबडी चटणी म्हंजे मरळीची पिल्लं. खतिजाचा बाप पिल्लांवरची मरळ कधी धरायचा न्हाय. राखण उठली की बाकीचे मासे सांजेपर्यंत सगळी पिल्लं खाऊन टाकतात म्हणाली. आम्ही दोघं मान खाली घालून ऐकत हुतो. मृत्युंजय कवा उठून गेला, कळलंच न्हाय.

बघतो तर तो न्हाय आन् पोतंही न्हाय.

माझ्या डोक्यात मासा आलाच न्हाय. दगड भरलेलं पोतंच आलं. भर उन्हात अनवाणी पळालो. शाहबाज मागनं बोंबलत. तुमचं पहिलं पत्र, एकटं सोडू नको, तेवढंच डोक्यात.

डोहात छातीभर पाण्यात उभा हुता. आईशप्पथ आक्का, मी तिथंच खाली बसलो. हाक मारली तर हातानं गप म्हणाला. वरनं खंड्या पक्षी झडप घालत हुता, त्याच्यावर हा सदरा फिरवत हुता. बाहेर ओढला तवा पोटरीतनं रक्त येत हुतं. कशानं, ते तोच लिहितोय. घरी आल्यावर त्यानं उशाखालची तुमची सगळी पत्रं काढली आन् फोडली. मग जे रडला, गल्ली गोळा झाली. खतिजानं कुणाला आत येऊ दिलं न्हाय.

बाबालाल


(त्याच पाकिटात)

ती. आक्कास सा. नमस्कार.

मरळ पोत्यात अर्धमेली झाली होती. पाण्यात धरून ठेवली. लई वेळानं शेपूट हलली आन् गेली. पिल्लांकडं गेली की दुसरीकडं, दिसलं न्हाय. म्हणून मी पिल्लांजवळ उभा राहिलो.

तवा पोटरीला धडक बसली. ओंडका असेल म्हटलं. परत बसली, मग चावा. दुसरी मरळ होती, नर. त्याच्या बाईला मी सकाळीच उचलून नेलं होतं आन् हा तिथंच होता. माझ्याएवढ्या माणसाला हाकलत होता. मी दोनदा बाजूला सरलो, तरी येऊन चावला. आक्का, त्या माशापुढं मला माझीच लाज वाटली.

मनात वाईट विचार येतील ही भीती अजून हाय. येतील तर येऊ देत.

एक जूनला येतो. गोकाकच्या पाहुण्यांना जेवू घाला, पण पोर देऊ नका. मान कशी धरायची ते मला येत न्हाय, तेवढं शिकवा.

मृत्युंजय


कबनूर, ३ जून १९९७

चि. बाबालाल व चि. सौ. खतिजा यांना अनेक आशीर्वाद.

पाहुणे आधी आले. बाळीला नवं झबलं घालून ती बाई मांडी घालून बसलेली, आन् हा लंगडत दारात.  शेवटी त्या बाईनंच पोर उचलून त्याच्या हातात दिली, मान कशी धरायची ते दाखवलं, आन् परसात जाऊन रडली. झबलं ठेवून गेली. माझ्यानं तिच्याकडं बघवलं न्हाय.

तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले आन् बाळीनं घर डोक्यावर घेतलं.  मी सवयीनं हात पुढं केले, आण इकडं म्हटलं. मृत्युंजयनं माझ्याकडं पाठ केली आन् भिंतीकडं तोंड करून तिला छातीशी धरून उभा राहिला. ती रडत राहिली, पण त्यानं दिली न्हाय.

येत्या सोमवारी बारसं. पवित्राच्या मनात शांभवी हुतं, असं तो काल म्हणाला. खतिजाला घेऊन ये. माझ्याशेजारी, पाळण्याच्या दोरीला तिचा हात मला पाहिजे.

न आलात तर लोभबिभ काही ठेवणार न्हाय.

तुमची आक्का