पुढच्या बाजूचा लाल खिसा

प्रिय खारुताई,

तुझा गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर सांगत होती, गुडघा दुखतो म्हणून तू शाळेच्या धावण्याच्या संघाच्या निवडीतून नाव काढून घेणार आहेस. जिना उड्या मारत उतरतेस तेव्हा मात्र तो शहाण्यासारखा वागतो म्हणे. असो. मी पडले शिंपीण, गुडघ्याशी माझा संबंध ठिगळापुरता.

माझी बातमी ऐक. तुझी ही जाडजूड आत्या परवा शर्यतीत धावली. आधी हसून घे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दमा आहे म्हणून घरात बसू नका. निघण्याआधी पंप घ्या, सुरुवात रमतगमत करा, छाती घरघरली की थांबा आणि पंप पटकन सापडेल असा जवळ ठेवा. मी सगळं इमानेइतबारे केलं. थोडं चालायचं, जरा पळायचं, पुन्हा चालायचं. कोपऱ्यावरचा न्हावी तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीत सोडून दारात यायचा, माझ्यामागे कोण लागलंय ते बघायला.

फक्त त्या पंपाची मला लाज वाटायची. चार लोकांत फुसफुस कोण करणार! म्हणून धावायच्या पँटला आतून, अस्तराखाली मी एक चोरखिसा शिवला. सगळी कारागिरी त्यात ओतली. वर बटण, बटणावर झाकण. कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

मलाही लागला नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळची गार हवा, पुलाचा चढ, माझी छाती आवळली, आतून शिट्टी वाजायला लागली आणि खिसा सापडेना! कमरेत हात घालून मी भर रस्त्यात स्वतःभोवती गोल गोल फिरतेय. लोकांना वाटलं, बाईच्या कपड्यांत मुंग्या शिरल्या. एका आजोबांनी बाटलीभर पाणी ओतलं, एका बाईने माझ्याभोवती टॉवेल धरला. आता हसू येतं, पण तेव्हा माझी घाबरगुंडी उडाली होती गं. शेवटी टीप टराटरा उसवली, कठड्याला टेकून पंप ओढला आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत बसून राहिले. इतका वेळ माझा तमाशा बघणाऱ्या मंडळींनी पंप ओढताना माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मी आणि ती टॉवेलवाली बाई गप्पा मारत चालत पोहोचलो, तोवर लोक शर्यत संपते तिथली कमान उतरवत होते.

आता खरं सांगते. वहिनीला तुझ्या मोज्यांच्या बोळ्यात पंप सापडला. तिच्यावर रागावू नकोस, ती फार घाबरली आहे, आणि मीही. नाक तू तुझ्या बाबांचं घेतलंस, दमा माझा घेतलास. माझी लाज कशाला उचललीस? सोबत तुझ्या मापाची पँट पाठवतेय. खिसा पुढच्या बाजूला आहे, लालभडक, झाकण नाही, तोंडाला फक्त इलॅस्टिक. डोळे मिटूनही सापडेल. रविवारी तुमची निवड आहे ना? नाव काढू नकोस. मी येतेय, अशीच पँट घालून, फक्त माझी नखशिखांत लाल आहे. अख्खं मैदान माझ्याकडे बघत बसेल. तेवढ्यात तू खुशाल पंप ओढ आणि पळ.

तुझीच,
हाशहुश आत्या