कालच्याप्रमाणेच

२ ऑगस्ट
आलो एकदाचा! खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी आधीच लागलेली, किंचित वाकडी. खुर्ची मात्र अशी झकास फिरते की दार लावून दोन गिरक्या घेतल्या. कोण बघतंय! आईने प्रसूतिगृहाच्या फरशा पुसून शिकवलं, आणि आज नवजात मेंदूच्या फेलोशिपचा प्रमुख झालो. ती असती तर म्हणाली असती, फार ताठू नकोस, फरशी ओली आहे.

विभाग देखणा आहे. सहा पाळणे. जन्मताना गुदमरलेली बाळं इथे येतात. तीन दिवस त्यांना थंड गादीवर ठेवायचं, मेंदूला विसावा द्यायचा. डोक्याला चिकटवलेल्या तारांतून मेंदूचा आलेख पडद्यावर सरकत राहतो. रोज सकाळी आठला फेलोने, म्हणजे इथे विशेष शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने, तो वाचून अहवाल लिहायचा, मी सही करायची. फेलो दोन. एक ताडमाड मुलगा, त्याला सगळे लांबू म्हणतात. दुसरी मुलगी पुस्तक पानाच्या आकड्यासकट म्हणून दाखवते. तिला मी पाठांतर म्हणू लागलो, तीही हसली. थोरल्या सिस्टर तेवढ्या हसत नाहीत.

५ ऑगस्ट
आज भडकलो. पाच नंबरचा पाळणा आल्यापासून रिकामा पाहतोय. सिस्टर म्हणाल्या, गादीची नळी गळते, सर. हात लावून पाहिला, नळी कोरडी ठणठणीत. संगणक उघडला, तर पाचचा अहवाल रोज सकाळी आठला हजर! एकच शब्द: कालच्याप्रमाणेच. म्हणजे आलेख न उघडता कालचा अहवाल आज चिकटवायचा. आणि सवय इतकी मुरलेली की पाळण्यात बाळ आहे की नाही हेही बघायचं नाही.

दोघांना समोर उभं केलं. लांबू म्हणाला, आईशप्पथ, मी नाही सर. पाठांतर म्हणाली, लॉगिन माझंच दिसतंय, पण आठ वाजता मी तीन नंबरला सुई लावत होते. म्हटलं, बाळाचा मेंदू म्हणजे काय शेजारच्याची वही आहे, उतरवून काढायला? लगेच संगणकवाल्याला बोलावलं आणि औषधाच्या कपाटाचं कुलूपच अहवालाला जोडून घेतलं. आलेख वाचून ‘झटके आहेत’ असं कुणी लिहील तेव्हाच झटक्यांच्या औषधाचा कप्पा उघडेल. तोंडी कारभार बंद. सिस्टरांनी विचारलं, घाईची वेळ आली तर? म्हटलं, घाईतही एक ओळ लिहिता येते.

८ ऑगस्ट
माझे कान लहानपणापासून तिखट. फरशी पुसणाऱ्या आईच्या पाठीमागे बसून कुठलं बाळ कशासाठी रडतंय ते मी ओळखायचो. आज दुपारी फेरी संपल्यावर ऐकलं: चुट, चुट, चुट. दूध ओढल्यासारखं. पाच नंबरमधून.

पाच रिकामा.

तान्ह्याला झटके येतात ते मोठ्या माणसासारखे नाहीत. नुसते ओठ चोखतं, पाय सायकल मारल्यागत हलवतं. घरच्यांना वाटतं, भूक लागली.

सिस्टरांना गाठलं. गादीची चादर सारखी करता करता त्यांनी सांगितलं. नऊ महिन्यांपूर्वी पाचमध्ये एक मुलगी होती. तिची आई काचेपाशी उभी राहून येईल त्याला सांगायची, अहो बघा ना, चोखतेय, भूक लागलीय तिला. त्या वेळच्या फेलोने दोन सकाळी आलेख न उघडता लिहिलं, कालच्याप्रमाणेच. माझ्या आधीच्या साहेबांनी याच खोलीत बसून सही ठोकली. आलेखात वीस तासांचे झटके होते. मुलगी गेली. फेलोला फोटोसकट प्रमाणपत्र मिळालं, साहेबांना नोकरी सोडायला तब्येतीचं कारण मिळालं. मी विचारलं, आणि आईला? सिस्टर म्हणाल्या, दुपटी मिळाली सर, धुतलेली.

रागाने अक्षर वाकडं येतंय. एवढं होऊन यांनी केलं काय? पाळणा बंद ठेवला! चूक कबूल करण्यापेक्षा भुताला जागा देणं सोपं. ही माणसं डॉक्टर म्हणवतात.

१२ ऑगस्ट
बाकीचे पाचही पाळणे भरलेले, आणि सकाळी सहावा आला. मुलगा, निळा पडलेला. सिस्टर म्हणाल्या, दुसरीकडे पाठवू. दुसरीकडे म्हणजे दोन तासांचा रस्ता. मी ओरडलो, भूतबीत माझ्या विभागात नोकरीला नाही! पाचमध्येच ठेवला. आलेख सुरेख चाललाय. बाळाची आई अजून प्रसूतिकक्षातच आहे, म्हणून आत्या काचेशी बसून आहे. माझा हात धरून म्हणाली, डॉक्टर, आमच्या घरात सात वर्षांनी पाळणा हलतोय. म्हटलं, आत्याबाई, बारशाला मला बोलवा म्हणजे झालं.

१३ ऑगस्ट, सकाळ
फेलोशिपची तपासणी करणारी समिती दारात. सहा अहवाल सहीला. पाच पाळण्यांचे आलेख उघडून पाहिले. एक राहिला. सही केली. नंतर बघतो.

१३ ऑगस्ट, साडेअकरा
समिती गेली. आत्या काचेवर बोटं वाजवत होती. डॉक्टर, चोखतोय बघा, भूक लागली असेल त्याला —

धावलो. चुट, चुट. या वेळी ओठ हलताहेत. खरे ओठ.

पडदा शांत. लांबू म्हणतो, सर, आलेख तर छान आहे. तारीख वाच, गाढवा! कोपऱ्यातली तारीख — नऊ महिन्यांपूर्वीची. त्या मुलीचा आलेख, झटके सुरू होण्याआधीचा.

सकाळचा अहवाल उघडला. कालच्याप्रमाणेच. पाठांतर रडत सांगतेय, मी पाचचा अहवाल लिहिलाच नव्हता. खाली सही माझी. लिहिला कुणी हे विचारायला मला तोंड नाही. वाचला नाही, तो मी.

अकरा चाळीस
कप्पा उघडत नाही. झटके आहेत, असं टाइप करतोय. पडद्यावर उमटतं — कालच्याप्रमाणेच. पुन्हा. तेच. सिस्टर टाइप करतात, तेच. लांबू सलाईनच्या दांड्याने कुलूप फोडतोय. पोलाद आहे. मीच निवडलं होतं.

मुलाचे पाय फिरताहेत. सायकल.

त्रेचाळीस
खालच्या औषधभांडारात हाताने लिहिलेली चिठ्ठी चालते. पाठांतर जिन्याशी हात पुढे करून उभी. दुसरे कागद — सगळे कागद — लिहिलं की तेच उमटतं. या वहीत अजून माझेच शब्द येतात. हेच पान फाडून देतो. एक ओळ. घाईतही एक ओळ —

पाच नंबर. मुलगा. झटके चालू. औषध ताबडतो — काल — नाही! झटके — झटके चा — कालच्याप्रमा