सातवं गेट

१२ फेब्रुवारी १९८४, रविवार. जपान.

तिसरी आले!

खोटं. निदान या वहीत तरी खरं लिहावं. ही कोण वाचणार आहे?

दुसऱ्या फेरीत सातव्या गेटला, म्हणजे उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या सातव्या जोडीला, माझी उजवी स्की काठीच्या आतून गेली आणि डावी बाहेरून. काठी दोन पायांच्या मधून! दोन्ही पाय गेटातून गेले नाहीत की तुमची शर्यत तिथंच संपली. बाजूला व्हायचं, नाहीतर परत वर चढून ते गेट पुरं करायचं. नवशिक्या पोरींनाही मी हेच शिकवते. आणि मी थांबले नाही. गेटचा पंच तेवढ्यात वाकून आधीच्या मुलीनं उखडलेली काठी रोवत होता. त्यानं मान वर केली तेव्हा मी आठव्यात होते.

खाली पोचले. वाटलं, फळ्यावरून नाव खोडतील. निकाल लावला की तक्रारीसाठी पंधरा मिनिटं असतात. मी स्की न काढता तशीच उभी. कुणी काही बोललं नाही. अकरा जणी सुटल्या, सहा पडल्या, पाच पोचल्या — त्यात मी तिसरी. चौथी पालमो. आमच्याच संघातली, लाहौलची, वीस वर्षांची, माझ्या पाठोपाठच्या नंबरवर सुटलेली. वेळ संपल्यावर ती आली आणि मला मिठी मारली. "बधाई हो, दीदी."

१३ फेब्रुवारी

पदक घातलं गळ्यात. फोटोत मी हसते आहे म्हणे.

२० फेब्रुवारी. दिल्ली.

पालमो आज गावी गेली. तिला तिकडच्या अधिकाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं — पदक आणलंस तर नोकरी. आता हातात नुसतं प्रमाणपत्र. घरचे लग्न ठरवून बसलेत. "अब स्की छूटी समझो," म्हणाली. मी तिला गाडीत खायला डझनभर संत्री घेऊन दिली. संत्री! लाज वाटते लिहायला.

१ मार्च. चिखला.

एसटीतून उतरले तर डफडी वाजायला लागली. जयंती कमिटीचे अध्यक्ष भोजराजकाका हार घेऊन पुढे. खाणीची सगळी कॉलनी रस्त्यावर. बर्फ कुणी पाहिलेलं नाही. शेजारची शकुबाई म्हणाली, "घसरगुंडीवरून सगळ्यायच्या आंधी खाली येते तं बक्षीस भेटते काय वं? बाप्पा!" फार चूक नाही तिचं.

कॉलेजात एनसीसीत गेले, तिथून मनालीला एका कोर्सला पाठवलं, तर तिथंच राहिले स्की शिकवत. पाच वर्षं माय म्हणत होती की पोरगी वाया गेली. आज तीच सगळ्यांना चहा देत फिरत होती. बाबा खुर्चीत बसून पदक हातात फिरवत होते. तीस वर्षं खाणीत उतरले, कुणी एक फूल दिलं नाही. मी एक मिनिटभर डोंगर उतरले!

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

९ मार्च

भंडाऱ्याहून माणूस आला होता. खेळाडूंच्या कोट्यातून कारकुनाची जागा आहे. अर्ज केला. क्रमांकाच्या रकान्यात 'तिसरा' लिहिलंसुद्धा.

१० एप्रिल

जयंतीला माझा सत्कार. कमिटीनं भंडाऱ्यातून पितळेचा हंडा आणलाय आणि त्यावर नाव घालूनही झालं — "कु. गुलाब, जगात तिसरी". मी म्हटलं, काका, जगात नाही हो, त्या शर्यतीत. भोजराजकाका म्हणाले, "आता घातलं नं नाव. पितळंवरचं कोणी खोडते काय?"

१४ एप्रिल

मेले असते तर बरं.

सत्काराआधी विहारात वंदना. दर वेळी बाबाच घेतात — ते एकेक ओळ म्हणतात, मागून सगळे म्हणतात. मी पुढच्या रांगेत, पांढऱ्या साडीत. पहिलं शील झालं. मग बाबा म्हणाले, "अदिन्नादाना वेरमणी..." न दिलेलं घेणार नाही. बोलता यायला लागलं तेव्हापासून पाठ आहे मला. एवढी माणसं एका आवाजात म्हणाली आणि माझं तोंडच उघडेना. बाबा समोरच होते. त्यांनी पाहिलं. पुढची ओळ घ्यायला त्यांना वेळ लागला.

नंतर हार, भाषणं, हंडा. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं.

१५ एप्रिल

बाबांनी सकाळी खाट कडुलिंबाखाली ओढली आणि मला बोलावलं. "काल काहून चूप राह्यली?"

सांगितलं. सगळं. जमिनीवर काडीनं गेटं काढून दाखवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं! ते खाणीत लाकडं लावायचे, छताला टेकू. माझ्या हातातली काडी घेऊन जमिनीत उभी रोवली आणि म्हणाले, "आमच्यात एकानं टेकू न लावता लावला म्हणून सांगतलं होतं. तो निंगून गेला. मांगून येनारा दबला." मग विचारलं, "तुह्या मांगं कोन होती?"

"पालमो."

"तिले लिव. सायबायले नंतर. आंधी तिले."

माय आतून ऐकत होती. बाहेर आली ती भडकूनच. "निकाल लागला, पंधरा मिन्टं होऊन गेले, आता कायले उकरून राहिली? तिचं लगन झालंही असन. तिले नोकरी भेटनार हाये काय तुह्या लिवल्यानं?"

मायचंही खोटं नाही. बाबांना पेन्शन नाही, आणि त्यांच्या औषधाला दर महिन्याला तुमसर गाठावं लागतं.

१८ एप्रिल

तीन कागद फाडले. हिंदीत माफी मागायला माझ्याजवळ दोनच वाक्यं आहेत, आणि दोन्ही सिनेमातली वाटतात. शेवटी फक्त घडलं ते लिहिलं. पाकिटात घालून चिकटवलं आणि पोस्टात टाकलं.

२ मे

नेमणुकीचं पत्र आलं! एक जूनच्या आत रुजू व्हा. माय रडली. बाबांनी पत्र दोनदा वाचून घडी घालून मला परत दिलं. "जाऊ का?" विचारलं. "तुहं तू पाय," एवढंच म्हणाले आणि बिडी शोधायला लागले.

मला जायचं आहे. हेच तर आहे. मला ती नोकरी पाहिजे.

१५ मे. बुद्ध पौर्णिमा.

आज विहारात बाबा शेवटच्या रांगेत जाऊन बसले. भोजराजकाका म्हणाले, "डोमाजी, सुरू करा." बाबा म्हणाले, "आता तुम्हीच घेत जा, भाऊ. माहा आवाज निंघत नाही." कुणाला खटकलं नाही. म्हातारा थकला, म्हणाले.

सकाळीच त्यांनी अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं बकरीला हाकललं होतं. मी मागे बसून रडले. माझ्यामुळे त्यांनी एवढं एक काम सोडलं.

१९ मे

पालमोचं काही नाही. पत्र पोचलं नसेल. पोचलं नसलं तर बरं, असंही वाटून गेलं. लिहून ठेवते — असंही वाटलं.

एक तारखेला तेरा दिवस. मायनं माझ्या दोन साड्या इस्त्रीला दिल्या.

२१ मे, सोमवार

पालमोचं उत्तर आलं. मी पाकिटात लिहिलं होतं, तिनं कार्डावर. कार्ड असलं की कवडू पोस्टमन ते वाचूनच देतो. अर्ध्या कॉलनीला वाचता येत नाही, तेव्हा ती सगळ्यांची सोयच. आज नळावर बायांची रांग होती, माय पण त्यात. त्यानं मोठ्या हौसेनं सुरू केलं, आणि मधे थांबणं त्याला जमलं नाही.

"सातवाँ गेट मैंने ऊपर से देखा था, दीदी. शिकायत के लिए पंद्रह मिनट थे. पूरे पंद्रह मिनट मैं आपकी तरफ़ देखती रही, कि अब बोलेंगी."