स्पॅनिशमध्ये नापास

प्रिय फेर्मीन,

रविवारी आई फोन करेल आणि हसत हसत सांगेल की नेरे स्पॅनिशमध्ये नापास झाली. तूही हस. नेहमीसारखं म्हण की आडनाव मोंद्रागोन आणि जीभ मात्र टीव्हीवरची. मला राग येणार नाही. पण त्याआधी हे पत्र वाच, आणि गिरणीतल्या दोस्तांसमोर नको, एकटा असताना वाच. फोनवर हे बोलता येण्यासारखं नाही. बाबा हल्ली सारखे घरातच असतात.

लहानपणी आपल्यासाठी स्पॅनिश म्हणजे कुलूप लावलेली खोली होती. इथल्या इंग्रजी शाळेत स्पॅनिश बोलली म्हणून आईला कोपऱ्यात उभं करायचे, तेव्हाच तिने ठरवलं की आपल्या पोरांवर ही पाळी येऊ द्यायची नाही. मग ती भाषा त्या दोघांपुरतीच उरली. नाताळच्या भेटवस्तू, कुणाचं दुखणं, कुणाचं मरण, सगळं स्पॅनिशमध्ये. जेवताना बाबांनी मधेच भाषा बदलली की आपण दोघं चमचे खाली ठेवून काही न कळता बघत बसायचो. म्हणूनच सीमेपलीकडे गावी चानो काका हृदयविकाराने गेले हे त्यांनी आपल्याला इंग्रजीत, नीट समोर बसवून सांगितलं, तेव्हा मला ते पढवल्यासारखं वाटलं होतं. तुला तसं वाटलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

कम्युनिटी कॉलेजात मी स्पॅनिश घेतलं ते आईबाबांना खूश करायला. सॅन दिएगोच्या विद्यापीठात जाण्याआधी निरोपाच्या जेवणात उभं राहून चार वाक्यं त्यांच्या भाषेत बोलायची, एवढीच हौस होती. माझ्या शेजारी हाउगन आजी बसायच्या. मूळच्या नॉर्वेच्या, निवृत्त नर्स, स्पॅनिश बोलणारी सून मनात काय म्हणते ते कळावं म्हणून शिकायला आलेल्या. आमच्या ब्राकामोंते बाई फटकळ. म्हणाल्या, "पोरी, तुझे आजोबा या भाषेत मका पेरायचे आणि तू बोलतेस ती नॉर्वेहून आल्यासारखी. आणि ही नॉर्वेची म्हातारी बघ, कशी घडाघडा बोलते." सगळा वर्ग हसला. मी हट्टाला पेटले आणि दिवसरात्र शिकले.

आणि मग एका रविवारी, भांडी विसळताना, मला अचानक त्या दोघांचं सगळं बोलणं कळायला लागलं. दर रविवारी कुणाचा तरी फोन येतो आणि बाबा तो घेऊन मागच्या लिंबोणीखाली जातात, हे तू पाहिलंयस. त्या दिवशी ते फोन ठेवून आत आले आणि आई म्हणाली, "चानोला ज्या टोळीने उचलून नेलं त्यांच्याच दारात जाणार तुम्ही?" बाबा म्हणाले, "गावची बाग आम्हा दोघा भावांच्या नावावर होती. मी सही करून ती लिहून दिल्याशिवाय ते वहिनीला सुखाने जगू देणार नाहीत. आणि भावाचं एखादं हाड तरी मागून आणीन." मी नळ चालूच ठेवला. काका आजाराने गेले नाहीत, फेर्मीन. गेल्या वर्षी शेजारची बाग लिहून द्यायला जो गेला, तोही परत आला नाही. हेसुद्धा मी तिथेच ऐकलं.

आईने आरडाओरडा केला नाही. तिने बाबांना ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरीपुढे उभं केलं आणि वदवून घेतलं की नेरे विद्यापीठात पाऊल ठेवेपर्यंत सीमा ओलांडून गावी जाणार नाही. बाबांचा नवस म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तुझ्या अपघाताच्या वेळी सोडलेली बिअर त्यांनी अजून तोंडाला लावलेली नाही. आईला वाटलं, तेवढ्या काळात मन बदलेल. बाबा मात्र दिवस मोजू लागले. मला प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यांनी मला घट्ट मिठी मारली आणि माझ्या डोक्यावरून आईला स्पॅनिशमध्ये म्हणाले, "झालं. आता ऑगस्ट." आई हातातलं ताट घेऊन आत निघून गेली. मला वसतिगृहावर सोडायचं आणि ट्रक तसाच पुढे सीमेपार न्यायचा, असा बेत आहे.

तेव्हापासून ते घर दुरुस्त करताहेत. छप्पर झालं, गीझर झाला, मागचं कुंपण झालं. ज्या ट्रकला आईने हात लावलेला त्यांना खपायचा नाही, तोच आता ते तिला चालवायला शिकवतात. शेजारचे म्हणतात, मोंद्रागोनला म्हातारपणी शहाणपण सुचलं. मला मात्र हातोड्याचा आवाज आला की धडकी भरते.

तू म्हणशील, मग तोंड उघडायचं होतंस. पण बाबा आईला म्हणाले होते, "पोरांना कळलं तर मी त्याच दिवशी निघेन. त्यांच्या तोंडाकडे बघत थांबायची ताकद माझ्यात नाही." एकदा त्यांनी मला परीक्षा घेतल्यासारखं स्पॅनिशमध्ये विचारलं, काय काय शिकलीस ते सांग. मी वाचनालय कुठे आहे एवढंच विचारलं, तेही धड नाही. दोघं पोट धरून हसले. बाबांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

विद्यापीठाची एकच अट होती, स्पॅनिशचा शेवटचा पेपर पास होण्याची. उत्तरं सगळी येत होती. मी नाव लिहिलं आणि कोरा पेपर बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पेपरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. माझा प्रवेश गेला. ते ऐकून बाबा आईला म्हणाले, "मग डिसेंबर." कारण तोच कोर्स मला पुन्हा घ्यावा लागेल, तो डिसेंबरात संपतो, आणि दुसऱ्यांदा नापास झाले तर मी हे मुद्दाम करते आहे ते ओळखतील.

म्हणून लिहिते आहे. मी डिसेंबरपर्यंतचा वेळ मिळवला, त्यापुढचं माझ्या हातात नाही. तुझ्या मार्लेनला दिवस गेलेत हे तू अजून फक्त मलाच सांगितलं आहेस. फोनवर कुणाला सांगू नकोस. तिला घेऊन इथे ये, बाबांना त्याच तसबिरीपुढे उभं कर आणि मगच सांग. बाळ स्वतःच्या पायांनी आजोबांकडे चालत येईपर्यंत ते हे घर सोडणार नाहीत, असं त्यांच्याकडून वदवून घे. ते शब्द मोडणार नाहीत. हसत ये, आल्या आल्या मला नापास म्हणून चिडव, आणि त्यांनी भाषा बदलली की लहानपणी ठेवायचास तसा चमचा खाली ठेव. या घरात आपल्या दोघांना स्पॅनिश येत नाही, हे विसरू नकोस.

तुझीच,
नेरे