केळापूरची शपथ

मंगळवार, ५ ऑगस्ट
घेतली एकदाची शपथ! केळापूरला देवीच्या पायावर हात ठेवून हे म्हणाले, "आजपासून पत्त्याला हात नाही." मीच ओढून नेलं. येता-जाता पायीच, ऑटो केला नाही. अनघाला बघायला आलेल्या यवतमाळच्या लोकांनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हटलं, बैठं काम आहे. रमीवर घर चालतं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पोरगी संतापली. या घरातलं पुन्हा कोणी पत्त्याला बसलं तर ती स्वतः त्यांना फोन करून सोयरीक मोडणार म्हणते.

गुरुवार, ७ ऑगस्ट
हे घनश्यामभाऊंच्या कापड दुकानात बसायला लागले. दुपारी जेवायला आले. मी सवयीने सतरंजी टाकली— मग गुंडाळली. रोज जेवणानंतर दोन डाव व्हायचे आमचे, यांचा सराव म्हणून. पावडर लावून लावून पत्त्यांचा एकच कॅट दोन वर्षं पुरवला मी. कोणी कोणतं पान टाकलं ते माझ्या ध्यानात राहायचं. हे म्हणायचे, "शीला, तुझ्यासमोर टिकलो की वणीच्या क्लबात कोणाची भीती नाही."

मंगळवार, १२ ऑगस्ट
अंगारकी. चंद्र ढगात, उपास सुटेना. जपाला बसले तर बोटं मणी ओढतात की पान, कळेना. रामरक्षा मध्येच चुकली. जन्मात चुकली नव्हती! हे मात्र गाढ झोपतात. घोरतात.

रविवार, १७ ऑगस्ट
कॅट देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे. फेकवत नाही, चांगली वस्तू. आज काढून पुसला. पुसलाच फक्त.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
पोळा. मातीच्या बैलांची पूजा केली. दोन पुरणपोळ्या करपल्या, लक्ष नव्हतं. उद्या कर, पोळ्याचा दुसरा दिवस. करीला खेमसिंगच्या तांड्यावर मोठा डाव बसतो. खेमसिंग म्हणजे यांचा वणीचा जोडीदार, जीप घेऊन येणारच. देवी, यांना घट्ट धर.

शनिवार, २३ ऑगस्ट
आला खेमसिंग. हे ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "नाही गड्या, देवीची शपथ हाय." तो काकुळतीला आला, "दादा, तुमच्याबिगर डाव कसा बसन? एक जागा रिकामी राह्यते नं. यंदा आमच्या घरची सोनीबाई बी डावाले बसून राह्यली." यांनी हसून पेपर उघडला. देवीने ऐकलं माझं. मी निरांजन लावायला वळले होते.
जीप सुरू झाली, आणि माझ्याच तोंडून गेलं, "थांबा भाऊजी. पातळ बदलून येते."
अनघा दारातच होती.